कॅराव्हॅनच्या सरकत्या जाळीच्या दाराचा चेपलेला ट्रॅक: स्वतः दुरुस्त कसा करायचा

वेळणेश्वरला आमची कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, लावली तेव्हा दिवस मावळला होता आणि नेमकं तेव्हाच जाळीचं दार अर्ध्यावर अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. आत आम्ही चौघं, बाहेर नारळाच्या बागेतले डास. आत्या म्हणाली, "अरे, जरा जोर लाव की." लावला. कट्ट असा आवाज झाला आणि दार ट्रॅकवरून उतरून माझ्या अंगावर कललं. ती रात्र दारावर चादर ताणून, चिमटे लावून काढली. डासांना चादर आणि जाळी यांतला फरक बरोबर कळतो.

दोष कुणाला द्यायचा तर मलाच. दोन दिवस आधी पाण्याचा वीस लिटरचा भरलेला कॅन आत घेताना दम लागला म्हणून तो घटकाभर दारातच टेकवला होता, बरोबर ट्रॅकच्या पट्टीवर.

२०२१ साली राज्य शासनाचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर आपल्याकडे अशा गाड्या बऱ्याच दिसू लागल्या. यातल्या पुष्कळ गाड्या ट्रॅव्हलरसारख्या व्हॅनचा डबा आतून बांधून घेतलेल्या असतात. जाळीचं दारही घराच्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडूनच करून घेतलेलं असतं: ॲल्युमिनियमचं सेक्शन (ठरावीक आकाराची तयार पट्टी), खाली दोन चाकं, वर एक खोबण. घरातल्या खिडकीला हे उत्तम चालतं. गाडीत मात्र हाच ट्रॅक उंबरठ्यावर येतो. उंबरठ्यावर पाय देऊन उभं राहू नये असं आजी सांगायची. इथे चढणारा प्रत्येक पाय त्याच्यावरच पडतो, वर ती जागा दिवसभर हादरे खाते. ट्रॅकची जाडी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर. तो चेपतो यात नवल नाही.

फॅब्रिकेटरला फोन केलात तर बहुधा एकच उत्तर येईल: "साहेब, ट्रॅक बदलूनच टाकू." त्याच्या दृष्टीने ते सोपं असतं. पण निम्म्याहून जास्त वेळा ट्रॅक बदलावा लागत नाही, असं माझं मत आहे. आणि काही वेळा तर अडकण्याचं कारण ट्रॅकमध्ये नसतंच.

आधी नेमकं काय बिघडलंय ते शोधा

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हे फक्त सुरक्षिततेसाठी नाही. एक चाक खड्ड्यात असेल तर डबा किंचित पिळवटतो, दाराची चौकट तिरपी होते आणि चांगलं दारही अडकतं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी दोनदा ट्रॅक बदलला. नंतर लक्षात आलं की त्यांच्या सोसायटीच्या उतारावर लावल्यावरच दार अडायचं, बाहेरगावी कधीच नाही.

मग चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, म्हणजे वरचा डावा कोपरा ते खालचा उजवा आणि त्याच्या उलट. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर चौकट ठीक आहे. आठ-दहा मिलिमीटर निघाला तर चौकटीचे स्क्रू सैल झालेत किंवा खालचं प्लायवूड खचलंय. तसं असेल तर ट्रॅक कितीही सरळ केला तरी उपयोग नाही.

यानंतर दार उतरवून (कसं ते खाली येतंय) तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट चाकं. फॅब्रिकेटर मंडळी चाकाला बेअरिंगच म्हणतात, दुकानातही तोच शब्द वापरा. बोटाने फिरवून पाहा. फिरत नसेल, अडखळत असेल किंवा त्याच्या खोबणीत एका बाजूला सपाट घासलेलं असेल तर निम्मं उत्तर मिळालं. अडलेलं चाक त्याच्या खालच्या पट्टीवर, म्हणजे रेलवर, फिरत नाही, घसटत जातं आणि तीच रेल सोलून काढतं. म्हणजे जखम ट्रॅकवर दिसते, पण गुन्हेगार चाक असतं.

दुसरी गोष्ट रेल, म्हणजे ट्रॅकमधली ती उभी पट्टी जिच्यावर चाक धावतं. डोळ्याने बघू नका, फसाल. एक सुटं चाक घ्या, ते रेलवर ठेवून बोटाने हळूहळू एका टोकाकडून दुसरीकडे न्या. जिथे ते अडेल, उडी मारेल किंवा कलेल तिथे मार्करने खूण करा. आमच्या ट्रॅकवर कॅनमुळे पडलेला चेप लांबूनच दिसत होता. सुट्या चाकाने आणखी दोन बारीक खड्डे सापडले, बरोबर दोन चाकांच्या अंतरावर. प्रवासात दार नेहमी एकाच जागी बंद असायचं आणि रस्ताभर चाकं त्याच दोन ठिकाणी रेलवर आपटत राहायची.

तिसरी गोष्ट ट्रॅकखालचं लाकूड. ट्रॅकच्या बाजूने स्क्रूड्रायव्हरचं टोक प्लायवूडमध्ये दाबून बघा. सहज घुसलं तर लाकूड कुजलंय, आणि काम वाढलं.

सामान

पक्कड, स्क्रूड्रायव्हर, लाकडी मोगरी, बारीक कानस, गुण्या, स्पिरिट लेव्हल, ड्रिल, रिव्हेट मारायची गन, जुना टूथब्रश आणि सागवान किंवा शिसवीच्या लाकडाच्या दोन-तीन पट्ट्या. विकत आणायचं ते चाकं, ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू, एपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) आणि सीलंट (फटीतून पाणी जाऊ न देणारा लेप). पुण्यात हे सगळं बोहरी आळीत मिळतं, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला. चाक घ्यायला जाताना जुनं चाक खिशात ठेवा. दिसायला सगळी सारखीच असतात, पण व्यासात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी दार खाली घासतं किंवा वर अडतं. आणखी एक: दुकानदार आणि फॅब्रिकेटर मिलिमीटरपेक्षा सुतात बोलतात. एक इंच म्हणजे आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण तीन मिलिमीटर. "दोन सुताची पट्टी" म्हटलं की लगेच हातात पडते.

सीलंटच्या बाबतीत मात्र चोखंदळ राहा. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते वाळताना ॲसिड सोडतं आणि धातू खातं. ट्यूबवर न्यूट्रल असं लिहिलेलं घ्या. गाड्यांसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट मिळालं तर फारच छान, ते हादरे सहन करतं.

दार उतरवणं

वरची खोबण खालच्या ट्रॅकपेक्षा खोल असते. दार दोन्ही हातांनी वर उचलायचं, खालची कड रेलवरून सुटली की ती आपल्याकडे ओढायची आणि दार खाली घ्यायचं. दोन माणसं असली तर बरं. दार जड नसतं, पण जाळीला कोपर लागला की ती निसटते.

उचललं जात नसेल तर ताकद लावू नका. दोन कारणं असू शकतात. दाराच्या खालच्या कोपऱ्यांत, कडेला, एक-एक छोटं भोक असतं. त्याच्या आतला स्क्रू फिरवला की चाक आत-बाहेर होतं. तो उलटा फिरवून चाक पूर्ण आत घ्या, दार खाली बसेल आणि वर जागा मिळेल. दुसरं कारण खास गाडीतलं आहे. खड्ड्यात दार उसळून निघू नये म्हणून काही जण वरच्या खोबणीत प्लॅस्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा स्क्रूने बसवतात. तो शोधून काढा, आणि कुठे होता त्याची खूण करून ठेवा. नंतर तो परत लागणार आहे.

सफाई

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. व्हॅक्यूमने किंवा कोरड्या ब्रशने वाळू काढा, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. क्रम महत्त्वाचा: वाळू आधी ओली केली तर तिचा चिखल होऊन कोपऱ्यांत बसतो. कोकणातून आला असाल तर गोड्या पाण्याने दोनदा धुवा. मिठाने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि साध्या लोखंडी स्क्रूंभोवती तर ट्रॅक अक्षरशः पोखरला जातो. गंजलेले स्क्रू आत्ताच काढून फेका.

आमचा ट्रॅक धुतल्यावर त्यातून गुहागरची वाळू, एक हेअरपिन, मुरमुरे आणि रिव्हेटची तुटलेली खिळी निघाली. त्या खिळीनेही चाक अडत होतं.

चेप सरळ करणं

आता मुख्य काम. चेप कोणत्या प्रकारचा आहे त्यावर उपाय ठरतो.

रेल एका बाजूला झुकली असेल तर ती सरळ होते. या कामाला धीर लागतो, जोर नाही. पक्कडीच्या दोन्ही जबड्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा, नाहीतर दात उमटतील आणि चाक त्या दातांवर खडखडत जाईल. रेल तिच्या पूर्ण उंचीत पकडा. नुसतं वरचं टोक पकडलंत तर टोक वळेल आणि मूळ तसंच राहील. चेपाच्या मधोमध सुरुवात करू नका. जिथे तो सुरू होतो आणि जिथे संपतो त्या दोन्ही कडांपासून आत या, प्रत्येक ठिकाणी केसभरच वळवा. एक फेरी झाली की सुटं चाक फिरवून बघा, मग दुसरी फेरी. मला सात-आठ फेऱ्या लागल्या.

एवढं सावकाश का, तर ॲल्युमिनियम एकदा वळवून परत सरळ केलेलं चालतं, पण पुढे-मागे, पुढे-मागे केलं की त्या जागी ते ठिसूळ होतं आणि चीर जाते. म्हणून सरळ रेषेच्या पलीकडे चुकूनही जाऊ द्यायचं नाही. किंचित कमी सरळ झालेलं परवडलं. आणि कुणी सांगितलं की गॅसची आच दे, नरम पडेल, तर ऐकू नका. नरम पडेल हे खरंच आहे. हे सेक्शन कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेलं असतं, पुन्हा जास्त तापलं की तो कडकपणा कायमचा जातो. शिवाय पावडर कोटिंग जळेल आणि खालचं प्लायवूडही.

ट्रॅकची बाजूची भिंत आत चेपली असेल आणि दाराच्या कडेला घासत असेल तर ते सर्वांत सोपं. रेल आणि भिंत यांच्यामधल्या जागेत लाकडाची पाचर तासून घाला आणि मोगरीने पाचरीच्या डोक्यावर हलके ठोके द्या. पाचर जसजशी खाली जाईल तसतशी भिंत बाहेर सरकेल. लोखंडी हातोडी या कामाला अजिबात नको. पाचरीचा दाब रेलवरही येतो, म्हणून रेलच्या दुसऱ्या बाजूला लाकडाची पट्टी घट्ट बसवून तिला आधार द्या.

रेल वरून दाबली जाऊन पसरली असेल, आमच्यासारखी, तर ती पुन्हा उंच होत नाही. पसरलेला भाग कानशीने घासून मूळ जाडीत आणायचा आणि उंचीसाठी वरून टोपी घालायची. ॲल्युमिनियम घासताना कानशीचे दात भरतात आणि मग कानस कापण्याऐवजी ओरखडे काढते. त्यावर जुना उपाय आहे: आधी कानशीवर शाळेतला खडू चोळायचा. भरलेला चुरा ब्रशने झटकला की निघतो. शेवटी बारीक पॉलिश पेपर मारा. नखाने रेलवरून रेघ ओढावी, कुठेही नख अडायला नको.

टोपी किंवा ठिगळ

टोपी म्हणजे ०.५ मिलिमीटर जाडीच्या ३०४ स्टेनलेस पत्र्याची, उलट्या यू आकारात वाकवलेली लांब पट्टी. ती रेलवर वरून बसते. पत्रा वाकवायचं मशीन असलेल्या कुठल्याही शीट मेटलवाल्याकडे ती करून मिळते, फक्त रेलची जाडी आणि उंची नीट मोजून न्या. टोपी घातल्यावर रेल अर्ध्या मिलिमीटरने उंच आणि एक मिलिमीटरने जाड होते. तेवढी जागा चाकाच्या खोबणीत आहे ना, हे टोपी करण्याआधी तपासायचं. नाहीतर थोडी रुंद खोबण असलेलं चाक घ्या.

टोपी चेपाच्या जागेपुरती करायचा मोह होईल. मलाही झाला. सहा इंचांचा तुकडा चिकटवला आणि दार प्रत्येक वेळी त्यावर चढताना टक, उतरताना टक. आठवडाभरात काढून टाकला. टोपी पूर्ण लांबीची हवी. बसवताना आतून एपॉक्सीचा पातळ पण अखंड थर द्या. तो पट्टी धरून ठेवतोच, शिवाय स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी जाऊ देत नाही. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियमचा बळी जातो.

रेलला चीर गेली असेल किंवा तुकडा निघाला असेल तर ठिगळ लावावं लागतं. खराब भाग कापून त्याच सेक्शनचा तुकडा घालायचा. कापताना काटकोनात नको, ४५ अंशांत तिरपं कापा. तिरप्या सांध्यावरून जाताना चाकाला एकदम फट लागत नाही, एका तुकड्यावरचा भार सुटण्याआधी दुसऱ्यावर गेलेला असतो. खालून दोन-तीन इंचांची ॲल्युमिनियमची सपाट पट्टी घेऊन दोन्ही बाजूंना ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेट मारा, त्यासाठी भोक ३.३ चं. रिव्हेटची डोकी दाराला लागणार नाहीत अशा जागी हवीत. एपॉक्सी पुटीने नवी रेल 'घडवायचा' प्रयत्न मात्र करू नका. एम-सील फटी आणि भोकं बुजवायला उत्तम आहे, पण धावत्या चाकाखाली ते तुकड्यांनी निघतं.

पूर्ण ट्रॅक बदलायचा असेल तर

दोन ठिकाणांहून जास्त चिरा असतील किंवा तळ पोखरला असेल तर वेळ घालवू नका, बदला. जुन्या ट्रॅकचा दोन इंचांचा तुकडा कापून दुकानात न्या. फोटोवरून सेक्शन ओळखायला जाऊ नका, रेलची उंची आणि जाडी डोळ्यांना सारखीच वाटते.

लांबी चौकटीच्या मापापेक्षा तीन मिलिमीटरने कमी ठेवा. दीड मीटरचा ॲल्युमिनियमचा ट्रॅक ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ दीड मिलिमीटर लांबतो आणि महाबळेश्वरची पहाट ते मे महिन्यात उन्हात उभी गाडी एवढा फरक धातूला सहज बसतो. टोकांना जागा नसेल तर ट्रॅक मधोमध कमान घेतो. त्याच कारणासाठी ट्रॅकमधली स्क्रूची भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवायची.

भोकं पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. पायरीच्या दिव्याची वायर, पाण्याचा पाइप, डिझेलची नळी, यातलं काहीही तिथून गेलेलं असू शकतं. बॅटरीची वायर काढून ठेवा. ड्रिलच्या बिटाला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा, पट्टी ट्रॅकला टेकली की थांबायचं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी प्लायवूडमध्ये आधी पाडायचं बारीक भोक २.५ चं पुरतं. स्क्रू दर वीस सेंटिमीटरवर, आणि सपाट डोक्याचे. डोकं वर राहिलं तर दाराची कड त्यावर घासेल.

जुन्या भोकांत स्क्रू पोकळ फिरत असेल तर बांबूच्या काड्या एपॉक्सीत बुडवून भोकात ठोका, वाळल्यावर वरून कापा आणि नव्याने भोक पाडा. घरात सुतार हेच काम फेव्हिकॉल आणि आगपेटीच्या काड्यांनी करतात. इथे जागा ओली होणारी आहे, म्हणून एपॉक्सी.

ट्रॅक घट्ट आवळण्यापूर्वी स्पिरिट लेव्हल ठेवा, पण गाडीच्या आतल्या जमिनीशी तुलना करून. गाडीच मुळात एका बाजूला कललेली असेल तर जगाच्या हिशेबाने सरळ ट्रॅक गाडीच्या हिशेबाने तिरपा बसेल. खाली फट असेल तिथे प्लॅस्टिकच्या चकत्या घाला, लाकडाच्या नको, त्या फुगतात.

पाण्याची भोकं: माझी चूक

ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला तळाशी छोटी भोकं किंवा फटी असतात. पहिल्यांदा दुरुस्ती केली तेव्हा मला त्या 'राहून गेलेल्या' वाटल्या. मोठ्या निगुतीने सिलिकॉनने बुजवल्या. जुलैत ताम्हिणी घाटात थांबलो, पाऊस दारावर आडवा येत होता. ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाण्याने दुसरी वाट धरली, आतली. सकाळी पायपुसणं उचललं तर खालचं प्लायवूड फुगून त्याचा वरचा थर फुलोऱ्यासारखा उकललेला. ट्रॅकचं काम दोन तासांचं होतं, ते प्लायवूड बदलायला तीन दिवस गेले.

तेव्हा ही भोकं मोकळी ठेवा. नवा ट्रॅक असेल आणि भोकं नसतील तर बाहेरच्या भिंतीला सहा मिलिमीटरची, साधारण एक-एक फुटावर, तळाला लागून पाडा. सीलंट लावताना आतल्या, म्हणजे राहत्या बाजूची रेघ अखंड हवी. बाहेरच्या बाजूला मात्र भोकांसमोर रेघ तोडायची. स्क्रूच्या भोकांतही सीलंटचा थेंब टाकून मग स्क्रू पिळा.

चाकं, आणि दार परत चढवणं

चाकं जोडीनेच बदला, एक जुनं एक नवं असं नको. स्टीलच्या चाकापेक्षा नायलॉनचं, आत बॉल बेअरिंग असलेलं चाक मला गाडीसाठी बरं वाटतं. आवाज कमी आणि रेलही कमी झिजते. समुद्राकडे फार जाणं होत असेल तर आतले बॉलही स्टेनलेस आहेत का ते विचारून घ्या.

चाकं पूर्ण आत घेऊन दार वरच्या खोबणीत घाला, खालची कड रेलवर आणा, हळूच सोडा. मग दोन्ही कोपऱ्यांतले स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत दार उचला. दाराची उभी कड चौकटीच्या उभ्या कडेशी समांतर दिसली पाहिजे. वर फट आणि खाली बंद असं दिसलं तर एक कोपरा वर-खाली करायचा. खालची कड ट्रॅकच्या तळापासून तीन-चार मिलिमीटर वर राहिली की पुरे, त्याहून जास्त उचललंत तर वर पकड कमी होते आणि खड्ड्यात दार निसटतं. मघाचा तो ठोकळा आता परत बसवा.

ग्रीस लावू नका, तेलही नको. चिकट पदार्थावर धूळ बसते आणि आठ दिवसांत त्याची खरखरीत पेस्ट होते. रेलवरून साध्या मेणबत्तीचा तुकडा दोन-तीनदा घासा. सिलिकॉनचा कोरडा स्प्रेही चालतो, पण मेणबत्ती गाडीत असतेच.

जाळी सैल झाली असेल तर दार खाली आहे तोवरच कडेचं रबर काढून ती ताणून घ्या. इंचाला अठरा बाय सोळा घरांची जाळी डासांना पुरते, चिलटांना नाही. संध्याकाळी खाडीकाठी थांबायची सवय असेल तर बारीक घराची जाळी घ्या, वारा थोडा कमी येईल.

पायाला दुसरी जागा द्या

हे केलं नाही तर वर्षाने हाच लेख पुन्हा वाचावा लागेल. ट्रॅकच्या आतल्या बाजूला, त्याला चिकटून, रेलपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच अशी लाकडाची तिरकी पट्टी बसवा आणि तिच्यावर खरखरीत टेप लावा. पाय आपोआप त्या पट्टीवर पडतो. बाहेरच्या बाजूची पाण्याची वाट मोकळीच राहू द्या. आम्ही पट्टीला पिवळा रंग दिलाय. आत्या आता चढताना "उंबरठा आला" असं स्वतःशीच म्हणते आणि पाय उचलून टाकते.

जड सामान चढवायचं असेल तेव्हा ट्रॅकवर प्लायवूडचा तुकडा टाकायचा, ज्याच्या खालच्या बाजूला रेलच्या दोन्ही अंगांना टेकणाऱ्या दोन लाकडी पट्ट्या आहेत. भार रेलवर न येता तिच्या दोन्ही बाजूंवर जातो. आमचा तुकडा सिंकखाली उभा असतो.

प्रवासात दार सुटं ठेवू नका, कडी हवीच. आणि दार व चौकट यांच्यात फोमची पाचर खोचा, म्हणजे चाकं एकाच जागी आपटणार नाहीत.

युरोपीय गाड्यांची घडीची जाळी

परदेशात, विशेषतः युरोपात, कॅराव्हॅनचं दार वेगळं असतं. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडं. त्या जाळीला पंख्यासारख्या घड्या असतात, ती आतल्या दोऱ्यांवर ताणलेली असते आणि खालची रेल फारच बुटकी असते. तीही पाय पडूनच चेपते. रेल सरळ करायची पद्धत वरचीच, पण मोगरी नको, हाताने आणि लाकडी पट्टीनेच. दोरा तुटायला आला असेल तर तो तुटण्याआधी बदला आणि नवा दोरा जुन्याच्या टोकाला बांधून ओढून घ्या. जुना आधीच काढून टाकलात तर त्याची वाट शोधण्यात दिवस जाईल. सगळ्या दोऱ्यांचा ताण सारखा हवा, एक घट्ट झाला की जाळी तिरकी चालते.

वाटेत अडकलात तर

दाराशी झटापट नको. चाकं आत घ्या, दार ट्रॅकच्या तळावर बसवा, कडेला पुठ्ठ्याच्या घड्या खोचून ते बंद अवस्थेत पक्कं करा. तेवढ्यापुरती ती खिडकीच समजायची आणि ये-जा ड्रायव्हरच्या दाराने. पण पुठ्ठा आतून एका हिसक्यात निघेल असाच खोचा. आत गॅसची शेगडी आहे, बाहेर पडायची वाट स्क्रू मारून बंद करायची नाही.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या प्रवासात दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की ट्रॅकचे सगळे स्क्रू एकदा हाताने तपासा. दोन-तीन तरी पाव फेरा घेतातच. ड्रिलने आवळू नका, आटे जातील.